गव्हावरचा जोंधळा

“उतर खाली,” मामंजी म्हणाले.

केतकी वजनकाट्यावरून उतरली. मामंजींनी खांद्यावरच्या पंच्यानं काट्याची फळी पुसली, फुंकर मारली आणि पुन्हा म्हणाले, “आता चढ. हलू नको, बाय.”

ती चढली. धान्याची पोती जोखायचा काटा तो. त्यावर आठ वर्षांची माझी लेक उभी राहिली की बघणाऱ्यालाच कसंतरी व्हायचं. मामंजींनी दांडीवरचं वजन बोटानं पुढं सरकवलं, मागं घेतलं, पुन्हा सरकवलं. दिवाळीत जिथं थांबलं होतं तिथंच ते येऊन थांबलं.

“झालं,” ते म्हणाले. माझ्याकडं न बघता, पण मला ऐकू जाईल असं. “दिवाळीपास्नं तुझं डाक्टरी खूळ बघतोय मी, सूनबाई. पोरगी वाळून काडी झाली. आता बास. पाडव्याला केतकी पुरणपोळी खाणार. माझ्या शेजारी पाटावर बसून खाणार.”

“मामंजी, गहू तिला चालत—”

“मी बोललो.”

आमच्या घरात ‘मी बोललो’ म्हटलं की पुढं कुणी बोलत नसे. सासूबाई बोलत नसत, आमचे हे तर मुळीच बोलत नसत. मी बोलायचे, आणि लग्न होऊन आल्या दिवसापासून त्याबद्दल बोलणी खायचे. पण त्या दिवशी मीही गप्प राहिले, कारण काट्यावरचं वजन मलाही दिसत होतं.

दामूतात्या म्हणजे माझे सासरे. सोलापूरकडच्या आमच्या गावात त्यांची भवानी पिठाची गिरणी. घराला लागूनच होती, मधे फक्त एक दार. त्या गिरणीच्या पिठावर अख्खं गाव वाढलेलं, आणि नेमकी त्यांच्याच नातीला गहू चालेना. देवाची करणी म्हणतात ती ही. खाल्लेलं अंगी लागायचं नाही. पोट नगाऱ्यागत फुगलेलं, हातपाय काटक्या, तोंडात फोड, आणि दिवसातून चार-पाचदा परसाकडं पळायची. शाळेत पोरं चिडवायची म्हणून शाळाही बुडायला लागली. गावातले उपाय झाले, अंगारे-धुपारे झाले. शेवटी जिल्ह्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं, पोटात नळी घालून बघितलं, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. सीलिअ‍ॅक. गव्हातला चिकटपणा हिच्या आतड्याला सोसत नाही म्हणाले. गहू, रवा, मैदा, शेवया, बिस्किटं, पाव, सगळं जन्मभर बंद.

मी बंद केलं. मायेनं केलं, धाकानं केलं. दिवाळीत करंजी मागत ती माझ्या पदराला लोंबकळली, तरी दिली नाही. नुसती ज्वारीची भाकरी. आणि तरी पोरगी सुधारेना. सासूबाई चोरून पोळी देतात की काय असंही माझ्या मनात येऊन गेलं. मामंजींना वाटायचं, मी पोरीला उपाशी मारते आहे.

काट्यावरचा तो दिवस शिवरात्रीच्या आदल्या दिवशीचा होता, हे मला पक्कं आठवतं. कारण गिरणीत गहू बंद होता. शिवरात्र, आषाढी, नवरात्र आलं की मामंजी उपासाचं पीठ दळायचे. भगर, राजगिरा, शिंगाडा. त्या दिवशी ते आधी अंघोळ करायचे, धुतलेलं धोतर नेसायचे, मग चक्कीचा वरचा दगड उतरवायचे. खाच न् खाच कुंच्यानं झाडायची, नळीतून हात घालून पुसून काढायचं, पिठाची पिशवी बदलायची. एवढं करून पसाभर भगर दळायची आणि ते पहिलं पीठ गाईला घालायचं. पुन्हा झाडायचं. मगच गिऱ्हाइकाचा डबा हातात घ्यायचा. उपासाच्या पिठात अन्नाचा कण गेला तर लोकांचा उपास मोडेल आणि पाप आपल्या माथी, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या गावांतल्या बायका एसटीनं डबे घेऊन आमच्याकडं यायच्या. “माझ्या उपासाच्या पिठात गव्हाचा कण दाखवा, मिशी उतरवतो,” असं ते मिशीवरून हात फिरवत म्हणायचे. कुणी कधी दाखवला नाही.

शिवरात्र झाली आणि मी केतकीला घेऊन पुन्हा दवाखाना गाठला. मोठ्या डॉक्टरांनी कागद बघितले, पोरीकडं बघितलं आणि म्हणाले, “मी नवीन औषध लिहून देत नाही. खाली मुलाणी मॅडमना भेटा. आहारतज्ज्ञ आहेत.”

एवढं एसटीचे हादरे खात यायचं आणि औषध नाही म्हणजे काय. मी तणतणतच खाली गेले. खोलीत एक तिशीची बाई बसली होती. टेबलावर प्लास्टिकची भाकरी, प्लास्टिकचं केळं, प्लास्टिकचं अंडं मांडलेलं. म्हटलं, झालं. ही भातुकलीवाली मला जेवण शिकवणार.

“बसा, ताई,” त्या म्हणाल्या. “काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत केतकीच्या तोंडात काय काय गेलं ते सांगा.”

“गहू देत नाही मी तिला.”

“ते नाही विचारलं. काय गेलं ते विचारलं.”

मला राग आला. पण सांगितलं. चहा, दूध-भाकरी, शाळेतली खिचडी, दुपारी भाकरी, डाळ, वांग्याची भाजी, संध्याकाळी शेंगदाणे, रात्री पुन्हा भाकरी. त्या मधे मधे विचारत होत्या. डाळीला फोडणी कशाची? हिंग कुठला? आपल्याकडच्या हिंगाच्या डबीत बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. देवळात प्रसाद खाते का? भाकरी कुठल्या तव्यावर, पोळीच्याच का? पीठ कशात मळता? लाकडी काटवटीत? मी उत्तरं देत होते आणि मनात म्हणत होते, ही बाई आहे की फौजदार.

मग त्या माझ्याकडं बघायच्या थांबल्या आणि केतकीकडं वळल्या. “तू अभ्यास कुठं बसून करतेस गं?”

“आज्याच्या गिरणीत,” केतकी म्हणाली. “पोत्यावर. आज्या मला तिथं पाढे म्हणायला लावतो.”

मुलाणी मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“आमचीच गिरणी आहे,” मी म्हटलं. खरं सांगते, तोऱ्यातच म्हटलं.

“केतकीची ज्वारी तिथंच दळता?”

“मग? घरची गिरणी सोडून लोकाच्या दारात जाऊ? मामंजी तिचं दळण दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. स्वतः दळतात.”

“त्या चक्कीत ज्वारीच्या आधी काय दळलेलं असतं?”



“गहू,” केतकी म्हणाली. गिरणीत बसणारं पोर ते, त्याला सगळं ठाऊक.

“ताई,” मॅडम सावकाश म्हणाल्या, “तुम्ही पोळी बंद केलीत. गहू अजून बंद झालेलाच नाही. दगडाच्या खाचांत राहिलेलं गव्हाचं पीठ रोज तिच्या भाकरीतून पोटात जातंय. गिरणीत हवेत उडतं ते वेगळंच. हिच्या आतड्याला चिमूटभरही पुरतं.”

भाकरी थापताना पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायचे मी. घास करून भरवायचे.

“आता औषध द्या,” मी म्हटलं.

“औषध हेच. ज्वारी नीट निवडायची, धुऊन वाळवायची आणि गहू कधी न लागलेल्या ठिकाणी दळायची. तवा वेगळा, डबा वेगळा, काटवट बाजूला ठेवून स्टीलची परात. हिंग बंद. रोज अंडं, गूळ-शेंगदाणे, पालेभाजी, ताक. आणि गिरणीत पाऊल टाकायचं नाही.” त्यांनी केतकीकडं बघितलं. पोर मुसमुसायला लागली होती, पोत्यावरची जागा जाणार म्हणून. “महिनाभर मी सांगते तसं काटेकोर करा, ताई. तरी पोरगी सुधारली नाही तर इथं येऊन मला शिव्या घाला.”

“मला शिव्या चांगल्या येतात,” मी म्हटलं.

“दिसतंय,” त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या.

घरी आले ती सरळ गिरणीत गेले. दळण संपवून मामंजी हातपाय झटकत होते. मी सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. ते ऐकत होते तोवर त्यांचा चेहरा एकदा पांढरा झाला आणि मग लाल झाला. पांढरा का झाला ते मला तेव्हा कळलं नाही.

“माझ्या गिरणीत विष हाय म्हणती ती?” ते ओरडले. “माझ्या वडलांनी बसवलेली गिरणी ही. गावात एकाचं तरी पोट दुखलं का माझ्या पिठानं?”

“गावाचं नाही, मामंजी. केतकीचं.”

“आगं चिमूटभर पिठानं काय हुतंय?”

“काय होतंय?” मी म्हटलं. “मग शिवरात्रीला दगड कशाला उतरवलात? चिमूटभरच राहणार होतं. पसाभर पीठ गाईला कशाला घातलंत?”

“देवाचं येगळं असतंय.”

“देवाला हगवण लागत नाही. माझ्या लेकीला लागते.”

गिरणीत दोन गिऱ्हाइकं होती, ती डबे तसेच ठेवून बाहेर सटकली. सासूबाई मधल्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, तोंडाला पदर लावून. आमचे हे टेम्पोची भाडी मारून नुकतेच आले होते, ते पायरीवरच थांबले.

“हप्त्यातनं एकदा दगड उतरवून झाडा,” मी म्हटलं. “उपासाला झाडता तसे. वेगळं काही मागत नाही मी. पहिलं दळण केतकीचं करा, मग गहू टाका.”

“एका पोरीपायी गिरणी बंद ठिवू? लोक काय म्हणतील? दामूतात्याच्या पिठानं नात आजारी पडती, असं म्हणतील. गिरणी हाय तशी चालंल. आन् पाडव्याला पोरगी पोळी खाईल. मी बोललो.”

“मीही बोलले,” मी म्हटलं आणि घरात गेले.

आमच्या सोप्यात माळ्याखाली एक जातं होतं. लग्नाची हळद दळायला तेवढं निघायचं, मग पुन्हा पोतं टाकून झाकून ठेवायचं. गव्हाचा दाणा त्याला कधी लागलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते बाहेर ओढलं, ब्रशनं घासलं, उन्हात तापवलं. दगडी जातं एकटीला उचलेना, म्हणून गोणपाटावर घालून फरफटत रस्त्यापलीकडं नेलं. गिरणीच्या बरोबर समोर दूध सोसायटीची बंद पडलेली खोली होती आणि तिला चांगला रुंद ओटा होता. गिरणीची धूळ पोचणार नाही इतका लांब, आणि मामंजींना दिसणार नाही असं म्हणायची सोय नाही इतका जवळ. मी तिथं जातं मांडलं, पदर खोचला आणि ज्वारी दळायला बसले.

स्वयंपाकघरात बसून दळलं असतं तरी पीठ तेच पडलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण मग ते कुणाला कळलं असतं? गिरणीवाल्याची सून गिरणीच्या तोंडासमोर जात्यावर बसली आहे, हे गावाला दिसलं पाहिजे होतं. त्यांना लोक काय म्हणतील याची भीती होती ना, मग म्हणू दे लोकांना.

लोक म्हणालेच. पहिली आली ती सोनाराची काकू, डोक्यावर गव्हाचा डबा घेऊन.

“आगं निला, लाइट गेली का काय?”

“लाइट आहे. गिरणी चालू आहे.”

“मग हे काय मांडलंस?”

“गिरणी तुमच्यासाठी चालू आहे, काकू. माझ्या लेकीसाठी बंद आहे.”

काकू गिरणीत शिरली ती तशीच बाहेर आली, आणि मग दिवसभर ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. कुणी हसलं, कुणी म्हटलं, तात्याची सून डोक्यावर पडली. एक म्हातारी म्हणाली, आमच्या सासवा दळायच्या, तुला कशाला गं हौस. मी सगळ्यांना एकच सांगायचे. केतकीच्या पोटात गव्हाचा कण जाऊन चालत नाही, आणि दामूतात्या दगड उतरवतात ते फक्त देवासाठी. सांगताना आवाज मुद्दाम चढवायचे. गिरणीच्या पट्ट्याच्या फटफटीतूनही तो आत जायचा.

रात्री हे म्हणाले, “आगं, जरा दमानं घे की. तात्यांच्या वयाचा तरी इचार कर.”

“पोरीच्या वयाचा कोण करणार?”

“मी काय न्हाई म्हणतोय का?”

“तुम्ही काहीच म्हणत नाही. तेच तर दुखणं आहे.”

ते कूस बदलून झोपले. पण दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना नवी स्टीलची परात, नवा तवा आणि अंड्यांचा ट्रे घेऊन आले, आणि माझ्याशी न बोलता ओट्यावर ठेवून गेले.

हाताला फोड आले. गिरणीच्या घरात आलेली मी, जात्याची सवय कुठली. ज्वारीही अशी हट्टी की दोनदा घातली तरी पीठ भरड पडायचं. आणि भाकऱ्या चिरायच्या. कितीही मळा, कितीही गरम पाणी घ्या, थापायला गेलं की कडा फुटायच्या. आधी माझ्या भाकरीला गावात नाव होतं, आता केतकी तोंड वाकडं करायची. “आई, ही कडक लागती. आज्याच्या पिठाची मऊ लागायची.” मी गूळ-शेंगदाणे कुटून त्यात तूप घालून वर ठेवायचे आणि म्हणायचे, खा मुकाट्यानं. तिला गिरणीत जायला मिळत नव्हतं म्हणून ती माझ्यावर रुसलेली. मामंजी दारात उभे राहून तिच्याकडं बघायचे, ती ओट्यावरून त्यांच्याकडं बघायची. मधे रस्ता.

आठ-दहा दिवस गेले असतील. एका सकाळी मी दळत होते, हाताला चिंधी गुंडाळलेली. सासूबाई रस्ता ओलांडून आल्या. मला वाटलं, आता या बोलणार, आणि आज मी यांनाही सोडणार नाही.

“सरक तिकडं,” त्या म्हणाल्या.

समोर बसल्या, पदर कमरेला खोचला आणि खुंट्यावर माझ्या हाताच्या वर त्यांचा हात ठेवला. जातं असं फिरायला लागलं की मला हसूच आलं.

“आत्याबाई, मामंजी बघताहेत.”

“बघू देत. लगीन झाल्यापास्नं बघत्यात, अजून डोळं दुखलं न्हाईत त्यांचं.” दोन-तीन मुठी पडल्या, मग त्या हळू म्हणाल्या, “काल पोरगी एकदाच परसाकडं गेली. तुला कळलं का?”

मला कळलं होतं. पण बोलायची भीती वाटत होती. नजर लागेल अशी भीती, आणि खोटं ठरेल अशीही.

पण खोटं ठरलं नाही. तोंडातले फोड आधी गेले. मग पोट उतरायला लागलं. एके दिवशी केतकी शाळेतून आली ती दप्तर फेकून म्हणाली, “आई, भूक लागली.” हा शब्द तिच्या तोंडून मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. चिरलेली भाकरी तिनं ताकात कुस्करून खाल्ली आणि आणखी मागितली. मी तवा ठेवायच्या निमित्तानं आत जाऊन रडले.

पाडवा आठवड्यावर आला तेव्हा मामंजींनी गिरणीच्या दारातून हाक मारली. “केतकीला काट्यावर आण.”

“ती गिरणीत येणार नाही,” मी ओट्यावरूनच म्हटलं. “काटा इकडं आणा.”

गिरणीपुढं चार बायका रांगेला होत्या. मला वाटलं, म्हातारा आता आभाळ डोक्यावर घेणार. पण ते आत गेले आणि काटा ढकलत रस्त्यावर घेऊन आले. मी ओल्या फडक्यानं फळी पुसली, मग पोरीला चढवलं. मामंजींनी दांडीवरचं वजन नेहमीच्या खुणेवर ठेवलं. दांडी टणकन वर गेली. त्यांनी वजन पुढं सरकवलं. दांडी वरच. आणखी पुढं सरकवलं, आणखी, तेव्हा कुठं ती सरळ झाली.

“उतर,” ते म्हणाले. काटा पुसला. “चढ.”

दुसऱ्यांदाही तेच आलं. रांगेतली सोनाराची काकू म्हणाली, “तात्या, नात भरली की हो.” काटा तसाच रस्त्यात सोडून मामंजी आत गेले आणि भर दुपारी गिरणीला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ह्यांना टेम्पो काढायला लावला आणि दोघं बापलेक कुठं गेले ते सांगितलंही नाही. सासूबाई म्हणाल्या, रागानं तुळजापूरला गेले असतील. मी म्हटलं, जाऊ देत. भवानीही त्यांना तेच सांगेल.

पाडव्याच्या सकाळपर्यंत दोघं परतले नव्हते. मी गुढीला साडी बांधत होते. पुरण शिजवलं होतं, पण पोळीऐवजी तांदळाची उकड काढली होती. मनात ठरवलं होतं की मामंजींनी येऊन पोळीचं नाव काढलं तर ताट उचलून ओट्यावर नेऊन बसायचं, पोरीला घेऊन, सणासुदीच्या दिवशी, सगळ्या गावासमोर. तेवढ्यात टेम्पोचा आवाज आला. तो आमच्या दारात थांबला नाही. रस्त्यापलीकडं, दूध सोसायटीच्या ओट्याला लागला.

हौद्यात पोत्यांमधे बांधलेली एक लहान चक्की होती. ह्यांनी सोसायटीच्या खोलीचं कुलूप काढलं. किल्ली कधी मिळवली, कुणाला विचारलं, काही पत्ता नाही. मी गुढी अर्धी सोडून तिकडं गेले.

“जुनी आहे का?” मी विचारलं. “जुनी असेल तर परत न्या. कुणी त्यात गहू दळलेला असेल.”

“नवी हाय,” मामंजी म्हणाले. “दगडसुदिक नवं. टाकी मारून खाचाबी म्याच पाडल्या, बसून.” त्यांच्या बोटांना चिरा पडल्या होत्या.

मी तरी वरचा दगड उतरवायला लावला. खाचांतून बोट फिरवलं, उजेडात धरून बघितलं. ह्यांना कसंनुसं झालं, पण मामंजी दगड धरून उभे राहिले, माझं बघून होईपर्यंत. मग घरी जाऊन अंघोळ करून आले. धुतलेलं धोतर नेसले होते, उपासाच्या दिवशी नेसतात ते. पसाभर ज्वारी दळली, पहिलं पीठ गाईला घातलं, दगड पुन्हा झाडला. केतकीची निवडलेली ज्वारी वर ओतली आणि पिठाच्या धारेखाली हात धरून, माझ्याकडं पाठ करूनच म्हणाले,

“तुला ठावं हाय का, नुसत्या जोंधळ्याची भाकर चिरती. त्यात जरा गहू लागला की मऊ येती. गिरणीवाल्याला हे कळतंय. पोरगी कडक भाकर खात न्हाई म्हणून मी तिचा जोंधळा मुद्दाम गव्हावर टाकायचो. दगडात गहू असतानाच. माझ्या हातानं. रोज.”

चक्कीच्या आवाजात मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग त्यांचा तो पांढरा पडलेला चेहरा आठवला. राग मात्र गेला नाही, आणि मी तो लपवलाही नाही.

“तेव्हाच सांगायला पाहिजे होतं,” मी म्हटलं.

“सांगायचं हुतं,” ते म्हणाले. “जीभ उचलंना.”

त्या पाडव्याला केतकी त्यांच्या शेजारी पाटावर बसून जेवली. तांदळाच्या उकडीत पुरण भरलेली माझी पोळी उलटताना फाटली होती, ती दोघांनी मिळून संपवली. मुलाणी मॅडमना शिव्या घालायचा योग काही आला नाही. दर दोन महिन्यांनी मी पोरीला त्यांच्याकडं नेत राहिले, आणि त्या दर वेळी केतकीला उठल्यापासून झोपेपर्यंतचं विचारत राहिल्या. आज ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, सोलापुरात कॉलेजात शिकवते आणि आपल्या ज्वारीचा डबा स्वतः सांभाळते.

पण मला आठवते ती पाडव्याचीच दुपार. सण असून सोनाराची काकू डबा घेऊन आली. गिरणीला कुलूप आणि समोर सोसायटीत चक्कीचा आवाज ऐकून ती रस्ता ओलांडून आली. आत बघितलं तर दामूतात्या धुतल्या धोतरात, पिठानं पांढरे, आणि दाराबाहेर ओट्यावर केतकी सतराचा पाढा म्हणतेय.

“तात्या, एवढा गहू दळून देता का हो?”

“न्हाई. ह्या चक्कीत गहू पडणार न्हाई. हितं उपास हाय.”

“आवो, आज पाडवा! आज कसला उपास?”

“बारा म्हैन्यांचा हाय,” मामंजी म्हणाले. “माझ्या नातीचा.”